उन्हाळ्यात लसीची ने-आण

वैशाख संपत आला म्हणजे नंदुरबार तालुक्यातील रनाळे व आसपासच्या गावांत शेतकऱ्याचे लक्ष आकाशाकडे लागते. नांगरट आटोपलेली असते, कापूस व ज्वारीच्या बियाण्याची जुळवाजुळव चालू असते आणि बैलजोडीवर पुढील सारा हंगाम अवलंबून असतो. पहिला पाऊस पडला की घटसर्प व फऱ्या हे रोग डोके वर काढतात. कोवळे गवत उगवताच मेंढ्यांत आंत्रविषार उद्भवण्याचा संभव असतो. पेरणीच्या ऐन दिवसांत बैल दगावला तर दुसरा बैल उभा करणे कित्येक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे असते. यास्तव या रोगांच्या लसी पावसापूर्वी, म्हणजे मे महिन्यात व जूनच्या आरंभी टोचून घ्याव्या लागतात.

येथेच खरी अडचण उभी राहते. जनावरांच्या दृष्टीने लस टोचण्यास जे दिवस सर्वांत योग्य, तेच दिवस लसीच्या दृष्टीने सर्वांत घातक असतात. या दिवसांत खानदेशात पारा ४२ अंश सेल्सियसपर्यंत व त्याच्याही वर चढतो. लसीला मात्र २ ते ८ अंशांच्या दरम्यानच राहावे लागते. ही मर्यादा ओलांडली गेली तर लस टोचूनही जनावर रोगास बळी पडू शकते. नासलेले दूध पाहताक्षणी ओळखू येते. उष्णतेने निकामी झालेली लस मात्र बहुधा पूर्वीसारखीच दिसते. टोचणाऱ्याला व जनावराच्या मालकाला दोघांनाही काम झाल्याचे समाधान वाटते, आणि फसवणूक कळते ती पावसाळ्यात, गोठ्यात. या कारणाने लसीच्या प्रवासाची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकऱ्यांस असणे अवश्य आहे.

लस उष्णतेने का बिघडते?

लसी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. घटसर्प, फऱ्या व लाळ-खुरकूत यांच्या लसींत रोगजंतू किंवा विषाणू निष्क्रिय केलेले असतात. शेळ्या-मेंढ्यांतील पीपीआर, देवी, तसेच कोंबड्यांतील मानमोडी या रोगांच्या लसींत दुर्बल केलेले परंतु जिवंत विषाणू असतात. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ राज्यात प्रथम जळगाव जिल्ह्यात आढळली, त्या वेळी गुरांना टोचली गेलेली शेळ्यांच्या देवीची लस या दुसऱ्या प्रकारातील होय. जिवंत लसी बहुधा कोरड्या भुकटीच्या रूपात येतात व टोचण्यापूर्वी द्रावकात विरघळवाव्या लागतात.

दोन्ही प्रकारांचे सामर्थ्य प्रथिनांच्या नेमक्या घडणीवर अवलंबून असते. अंड्यातील पातळ पांढरा भाग तापविला की घट्ट होतो आणि थंड केल्यावर पुन्हा पातळ होत नाही. उष्णतेने लसीतही असाच कायमचा बदल घडतो, मात्र तो हळूहळू व डोळ्यांना न दिसता घडतो. लाळ-खुरकुताच्या लसीतील विषाणूचे कण उष्णतेने फुटून त्यांचे तुकडे होतात. असे तुकडे जनावराच्या शरीरात गेले तरी त्यांच्यापासून पुरेशी प्रतिकारशक्ती उत्पन्न होत नाही.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. उष्णतेने होणारी हानी साचत जाते. सकाळी अर्धा तास उन्हात, दुपारी तासभर मोटारसायकलच्या डिकीत, सायंकाळी थोडा वेळ ओट्यावर, अशी प्रत्येक वेळची हानी आधीच्या हानीत मिळविली जाते. गरम झालेली लस पुन्हा फ्रीजमध्ये ठेवल्याने पुढील हानी मंदावते, परंतु गेलेले सामर्थ्य परत येत नाही.

गोठणेही तितकेच घातक

लस जितकी थंड तितकी चांगली, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. ती चुकीची आहे. घटसर्प व फऱ्या यांच्या ज्या लसींत तुरटीच्या जातीचे क्षार असतात, त्या गोठल्या की त्यांतील बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे बनतात. लस वितळल्यावर हे गोळे मोडत नाहीत व लसीचा प्रभाव नष्ट किंवा क्षीण होतो. तैलयुक्त लसींतील तेल व पाणी यांचे मिश्रण गोठल्याने फुटते. म्हणून अशा कुप्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नयेत. उन्हाळ्यात काळजीपोटी केलेली हीच चूक पुष्कळदा लसीचा घात करते.

तुरटीयुक्त लस गोठली होती की काय, अशी शंका आल्यास एक साधी परीक्षा करता येते. त्याच गटक्रमांकाची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवून मग पूर्ण वितळू द्यावी. ही कुपी व शंकास्पद कुपी दोन्ही हलवून शेजारी शेजारी अर्धा तास ठेवाव्यात. शंकास्पद कुपीतील गाळ गोठविलेल्या कुपीइतक्याच वेगाने तळाशी बसला तर ती लस वापरू नये. तैलयुक्त लसीस व भुकटीच्या लसीस ही परीक्षा लागू पडत नाही. तैलयुक्त लस नीट हलवूनही एकजीव होत नसेल तर ती बाजूस ठेवून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवावी. गाळाच्या या परीक्षेत उतरलेली लस उष्णतेने बिघडलेली नाही, असे मात्र समजू नये; उष्णतेची हानी या परीक्षेत दिसत नाही.

बर्फ कसे काम करतो?

एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढण्यास एक कॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास मात्र सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. शीतपेटीत ४०० ग्रॅमचे चार आइसपॅक ठेवले तर ते पूर्ण वितळेपर्यंत सुमारे १,२८,००० कॅलरी उष्णता शोषून घेतात, आणि तोवर त्यांचे तापमान शून्य अंशावरच राहते. बाहेरून झिरपणारी उष्णता लसीपर्यंत पोहोचण्यापूर्वी बर्फ ती स्वतःवर घेतो. पेटीच्या जाड भिंती व घट्ट झाकण यांचे काम ही झिरप कमी करण्याचे असते. झाकण प्रत्येक वेळी उघडले की बाहेरची तापलेली हवा आत शिरते व बर्फाचा साठा विनाकारण खर्च होतो. न उघडलेल्या चांगल्या पेटीत दिवसभर थंडावा टिकतो. तीच पेटी दर पाच मिनिटांनी उघडली तर दुपारपर्यंतही भरवसा राहत नाही.

परंतु डीप फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्य अंशावर नसतो, तर शून्याच्या बराच खाली असतो. असा आइसपॅक लगेच कुप्यांना लावून ठेवला तर कुप्या गोठतात. म्हणून आइसपॅक बाहेर काढून सावलीत काही वेळ तसेच ठेवावेत. त्यांच्यावरील पांढरे हिम नाहीसे झाले आणि पॅक कानाजवळ धरून हलविल्यावर आत पाणी हलल्याचा आवाज आला, म्हणजे तो शून्य अंशास आला असे समजावे व मगच पेटीत ठेवावा. या कामास घड्याळाचा नियम लावता येत नाही. पाण्याचा आवाज हीच खरी खूण होय.

बाजारातून बर्फाची लादी आणून काम भागवावे लागल्यास तिचे तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावेत व कुप्या वेगळ्या कोरड्या पिशवीत घालून दोहोंच्या मध्ये जाड पुठ्ठा किंवा कापड ठेवावे. त्यामुळे वेष्टनावरील मजकूर भिजून पुसला जात नाही. बर्फ अधिक टिकावा म्हणून त्यात मीठ घालण्याचा मोह टाळावा. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो ते दूध गोठविण्यासाठी. त्या मिश्रणाचे तापमान शून्याच्या पुष्कळ खाली उतरते. कुल्फीस जे हितकर, ते लसीस मारक ठरते.

पुण्यापासून रनाळ्यापर्यंत

घटसर्प, फऱ्या व आंत्रविषार यांच्या लसी पुण्यात औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात. पुण्याहून नंदुरबारचे अंतर ४०० किलोमीटरांहून अधिक आहे. हा लांबचा पल्ला, अंतर मोठे असले तरी, तुलनेने सुरक्षित असतो. कारण त्यात शीतगृह, शीतवाहन व प्रशिक्षित माणसे यांची साखळी असते. खरा धोका तालुक्याच्या ठिकाणापासून गावातील गोठ्यापर्यंतच्या शेवटच्या तासाभराच्या प्रवासात व त्यानंतरच्या चार तासांत असतो. तेथे यंत्र नसते. एक पेटी, चार आइसपॅक आणि एका कार्यकर्त्याची सावधगिरी एवढेच साधन असते. साखळीची शेवटची कडी तुटली तर आधीच्या सर्व कड्यांचे श्रम वाया जातात.

दवाखान्यातील फ्रीजपासूनच सावधगिरीस आरंभ व्हावा. कुप्या मधल्या कप्प्यात, भिंतीस न टेकता व हवा खेळती राहील अशा ठेवाव्यात. दाराच्या कप्प्यात ठेवू नयेत, कारण दार उघडताच तेथील तापमान प्रथम वाढते. खालच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्यास वीज गेल्यावर त्यांतील थंडावा उपयोगी पडतो. वीज नसताना दार उघडू नये. आत तापमापक ठेवून त्याची नोंद सकाळ-संध्याकाळ दोन वेळा वहीत करावी.

टोचणीच्या दिवसाची आखणी

आदल्या संध्याकाळी गावात दवंडी द्यावी किंवा निरोप पाठवावा आणि सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी, जनावरे एखाद्या मोठ्या कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीत आणावयास सांगावे. जनावरांची संख्या अगोदर मोजलेली असावी. समजा, रनाळ्याच्या एका भागात २०० गुरे आहेत व एका कुपीत ५० मात्रा आहेत. तर चार कुप्या लागतील. तेवढ्याच, फार तर आणखी एक कुपी, पेटीत न्यावी. गरजेपेक्षा अधिक कुप्या दिवसभर उन्हात फिरवून संध्याकाळी फ्रीजमध्ये परत ठेवणे म्हणजे उद्याची लस आजच खर्च करणे होय.

मोटारसायकलवरून जाताना पेटी डिकीत किंवा तापलेल्या टाकीवर न ठेवता मागे बसलेल्या व्यक्तीने मांडीवर धरावी व तिच्यावर पांढरे ओले फडके टाकावे. बंद जीप उन्हात उभी असेल तर तिच्यातील हवा ५० अंशांच्याही वर तापते. अशा गाडीत पेटी ठेवून चहास थांबणे टाळावे. ठिकाणावर पोचल्यावर पेटी सावलीत ठेवावी आणि सावली सरकते हे लक्षात ठेवून तिची जागा बदलावी.

पेटीतून एका वेळी एकच कुपी बाहेर काढावी. कुपी चांगली हलवून मात्रा भरावी व दोन जनावरांच्या मधल्या वेळात ती सावलीत थंड जागी ठेवावी. भरलेली सिरिंज हातात धरून उन्हात जनावराची वाट पाहत उभे राहू नये. जनावर आधी आवरावे, मग मात्रा भरावी.

भुकटीच्या जिवंत लसीबाबत आणखी तीन गोष्टी पाळाव्यात. द्रावक लसीइतकाच थंड असावा. उन्हात तापलेला द्रावक घातल्यास लस विरघळतानाच निकामी होऊ लागते. सिरिंज उकळून घेतली असेल तर ती पूर्ण निवू द्यावी व तिला स्पिरिट किंवा जंतुनाशक लावू नये, कारण त्याचा अंशही लसीतील जिवंत विषाणू मारतो. विरघळविलेली लस बर्फावर ठेवून वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीत, म्हणजे बहुधा एक-दोन तासांतच संपवावी व उरलेली टाकून द्यावी. दहा मात्रा वाया गेल्या तरी चालतील. निकामी लस टोचून दहा शेतकऱ्यांस खोटा भरवसा देणे योग्य नव्हे.

पावसाळ्यानंतर चाऱ्यासाठी दूरवर कळप घेऊन जाणाऱ्या ठेलारी मेंढपाळांच्या बाबतीत हा विचार अधिकच महत्त्वाचा ठरतो. वाटेवर लस मिळेल व ती थंड राहिलेली असेल, याची खात्री नसते. म्हणून कळप गावाजवळ असतानाच लसीकरण उरकणे इष्ट होय. टोचल्यानंतर प्रतिकारशक्ती येण्यास साधारणपणे दोन ते तीन आठवडे लागतात, हेही प्रयाणाचा दिवस ठरविताना ध्यानात घ्यावे.

माठाचा उपयोग व त्याची मर्यादा

बर्फ मिळाला नाही तर माठात लस ठेवता येईल काय, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. माठाच्या भिंतीतून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते व जाताना आतील उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितकी ही क्रिया जलद होते. हवेचे तापमान ४२ अंश व आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या पृष्ठभागाचे तापमान जास्तीत जास्त २२ अंशांपर्यंत उतरू शकते. आषाढात हवा ३० अंशांवर व आर्द्रता ८५ टक्क्यांवर असते तेव्हा ते सुमारे २८ अंशांखाली जात नाही. म्हणूनच वैशाखात गार पाणी देणारा माठ पावसाळ्यात निरुपयोगी वाटतो.

यावरून उत्तर स्पष्ट होते. माठ कितीही चांगला असला तरी तो ८ अंशांपर्यंत पोहोचू शकत नाही. तेव्हा लसीचा साठा करण्यास तो चालत नाही. बर्फ नसेल तर त्या दिवशीची टोचणी पुढे ढकलावी. मात्र घरातील दुसऱ्या एका औषधास माठ चांगला उपयोगी पडतो. ते औषध म्हणजे इन्सुलिन होय.

घरातील इन्सुलिन

मधुमेहाच्या कित्येक रोग्यांना इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. लग्नकार्य, देवदर्शन किंवा मजुरीनिमित्त दूरचा प्रवास करताना हे औषध कसे न्यावे, याची चिंता त्यांना असते. इन्सुलिनही प्रथिनच आहे. अति उष्णता व गोठणे ही दोन्ही त्यास बाधक आहेत. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांवर ठेवाव्यात. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांपर्यंत सुमारे चार आठवडे चालते. नेमकी मर्यादा वेष्टनातील पत्रकात दिलेली असते, ती वाचून किंवा वाचवून घ्यावी.

केनियातील दादाब येथील निर्वासितांच्या छावणीत घरोघरच्या तापमानाची मोजणी झाली आणि जिनिव्हा विद्यापीठाच्या साहाय्याने २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची तपासणी करण्यात आली. त्याचे सामर्थ्य टिकून राहिल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. ही गोष्ट धीर देणारी आहे. परंतु खानदेशातील वैशाखाचे ऊन ३७ अंशांच्या पलीकडचे आहे, हे विसरता कामा नये.

फ्रीज नसलेल्या घरी एका मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी. कुपी कोरड्या, झाकणाच्या डब्यात घालून आतील मडक्यात ठेवावी व मडके सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवून वाळू दोन वेळा भिजवावी. प्रवासात कुपी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात, स्वतःजवळच्या पिशवीत ठेवावी. एसटीच्या टपावर किंवा गाडीच्या डिकीत जाणाऱ्या सामानात ती घालू नये. बर्फाशी तिचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले, किंवा मुळात दुधासारख्या असणाऱ्या इन्सुलिनमध्ये गुठळ्या राहिल्या, तर ते वापरू नये. पथ्य व मात्रा नेहमीप्रमाणे असूनही रक्तातील साखर वाढत असेल तर औषध बिघडल्याची शंका घेऊन डॉक्टरांचा सल्ला ताबडतोब घ्यावा.

बुळकांडीचा धडा

थंडावा टिकविण्याचे महत्त्व बुळकांडीच्या निर्मूलनाने जगास पटवून दिले आहे. या रोगाने एकेकाळी गावेच्या गावे बैलांवाचून ओस पाडली. भारतात त्याविरुद्ध देशव्यापी मोहीम गेल्या शतकाच्या मध्यास सुरू झाली. वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात तयार केलेली लस उत्कृष्ट होती, पण तिला अखेरपर्यंत थंडावा लागे; त्यामुळे आफ्रिकेतील दुर्गम मेंढपाळी प्रदेशांत ती पोचविणे कठीण जाई. पुढे जेफ्री मॅरिनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच लस अधिक काटेकोरपणे वाळवून, तिच्यातील ओलावा अतिशय कमी करून अशी सिद्ध केली की ती काही आठवडे फ्रीजवाचून राहू शके. ती घेऊन स्थानिक पशुपालक कार्यकर्ते पायी कळपांपर्यंत गेले. २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

घटसर्प, फऱ्या व लाळ-खुरकूत यांच्या लसींना मात्र थंडावा आजही अवश्य आहे. तो टिकविण्याचे काम गावपातळीवरील कार्यकर्ता, पशुसखी व शेतकरी यांचेच आहे. लस आली की कुप्यांचा गटक्रमांक, मुदत, पेटी भरल्याची व रिकामी झाल्याची वेळ आणि शिल्लक कुप्या यांची नोंद करावी. बर्फ वितळून गेला असेल, पेटीचे झाकण उघडे राहिले असेल किंवा कुपी गोठली असेल, तर ते लपवू नये. एक कुपी टाकून दिल्याचे नुकसान नोंदवहीतील एका ओळीत मावते. तीच कुपी टोचली गेली व पावसाळ्यात बैल मेला, तर बैलाबरोबर लसीवरील विश्वासही जातो, आणि पुढील वर्षी दवंडी देऊनही त्या झाडाखाली जनावरे येत नाहीत.

शेतकऱ्यांनीही टोचणीच्या वेळी पेटीत बर्फ आहे काय, कुपी सावलीत आहे काय व मुदत संपलेली नाही ना, हे निःसंकोच विचारावे. असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. बियाणे पेरण्यापूर्वी त्याची उगवण तपासून पाहणारा शेतकरी लसीची चौकशी करील, तर तो आपल्या गोठ्याचे रक्षणच करीत असतो.